सतरा नंबरचा संदर्भ

"सतरा नंबर काढ," काकासाहेब म्हणाले.

उमानं टाइपरायटरवरचे हात उचलले. काकासाहेबांच्या लेखाच्या संदर्भयादीत सतरा नंबरला तिच्या भावाचं नाव होतं. अंबडकर, जगन्नाथ, धावड्याच्या डोंगरातल्या गवतांची टिपणवही, अप्रकाशित, १९३७. वहीवर साल निजामी फसली होतं, १३४६. लेख जाणार होता त्या कलकत्त्याच्या नियतकालिकाला इसवी सन लागायचा, म्हणून तिनं ते बदलून घेतलं होतं.

"गवत त्यानंच हुडकलं ना, काकासाहेब?"

"हुडकलं. पण कोणाच्या सांगण्यावरून? मंग वही कोणाची झाली?"

या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे उमाला आता पुरतं कळलं होतं.

काकासाहेब हैदराबादला पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून नवीन जालन्यात, स्टेशनाजवळ राहायला आले होते. मान होता, पेन्शन होती, पण त्यांच्या नावावर एकही वनस्पती नव्हती. ही गोष्ट त्यांना दातात अडकलेल्या सुपारीसारखी छळायची. जगन्नाथ त्यांचा बिनपगारी मदतनीस. दोन वर्षं तो धावड्याच्या धनगरांबरोबर डोंगर तुडवत हिंडला आणि मेंढरं तोंड लावत नाहीत असं एक जांभळ्या तुऱ्याचं गवत घेऊन आला. हे आधी कोणी नोंदवलंय का, ते बघायला पुण्याला जाऊन बारा दिवस जुने अंक चाळत बसला. परत आला तो ताप घेऊनच.

पाच दिवस तो तापात एकच म्हणत होता, काकासाहेबांना बोलवा, मला बोलायचंय. आई, रमाबाई, दोनदा त्यांच्या दारात गेली. पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्यांदा त्यांनी आतूनच सांगितलं की ताप लागट असतो. सहाव्या दिवशी बोलावण्याचं काही कारण उरलं नाही.

तेराव्याला मात्र काकासाहेब आपल्या पायांनी आले. वही मागायला.

संदर्भांची यादी लावणं हे किचकट काम आजवर जगन्नाथच करायचा. काकासाहेबांना त्याचा भारी कंटाळा. उमा मिशनच्या शाळेत शिकवायची, इंग्रजी चांगलं होतं, टाइप करायला भावानंच शिकवलं होतं. ती आपणहून म्हणाली, मी करते. गल्लीत कोणी तिचं कौतुक केलं, कोणी म्हणालं पोरीला काळीजच नाही. खरं तर त्या घराची पायरी चढताना तिच्या अंगाची रोज लाही लाही व्हायची.

नियमांचा छापील कागद टेबलावर होता. आधी आडनाव, मग साल, अंक, पान. शेवटी एक ओळ: ज्या विधानाला संदर्भ नाही ते लेखकाचं स्वतःचं समजलं जाईल. काकासाहेबांनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या होत्या.

उमानं भावाचं नाव आधी मजकुरात घातलं होतं. ते खोडलं गेलं. मग आभारात घातलं. तेही गेलं. आज ही तिसरी वेळ होती.

सकाळी निघताना रमाबाई म्हणाली होती, "आज शेवटचं विचार. न्हाई म्हणाले तर मंग आपला इलाज न्हाई."

"अन् हो म्हणाले तर?"

"तर माणूस आहेत म्हणायचं."

काकासाहेबांनी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "तूच खोड. तुझ्या हातानं झालं म्हणजे मनात काही राहणार न्हाई."

उमानं सतरा नंबरवर सरळ रेघ ओढली. अठराचा सतरा केला, एकोणीसचा अठरा, आणि असं करत तेवीसची यादी बावीसवर आणली. काकासाहेबांना ते दिसलं आणि बरंही वाटलं.

"जगन्नाथ पुण्याला सगळं बघून आल्ता ना?" त्यांनी सहज विचारलं. "आधी कोणी लिहिलेलं न्हाई ना?"

"वही तुमच्याजवळच आहे, काकासाहेब. बघून घ्या."

त्यांनी वही चाळली. तसं कुठंच काही नव्हतं.

"बराबर. यादीत काही राहून तर न्हाई ना गेलं?"

"तुम्ही ठेव म्हणालात ते सगळं आहे."

"बिलकुल. मंग जल्दी टाकून ये टपालात."

तिनं तो जाड लिफाफा स्वतः टपालात टाकला.

चार महिन्यांनी अंक आला. गवताच्या नव्या शास्त्रीय नावापुढे काकासाहेबांचं आडनाव लागलं होतं. हैदराबादहून अभिनंदनाची पत्रं आली, अंबडला सत्कार ठरला. काकासाहेबांनी गल्लीभर पेढे वाटले आणि मोठ्या मनानं उमाच्या घरीही पाठवले. रमाबाईनं ते तसेच दारच्या गाईला घातले.

"छापून आलं ना?" तिनं आत येऊन विचारलं. "आता तर त्यांना मागं घेता यायचं न्हाई?"

"न्हाई."

"मंग लिही."

उमानं संपादकांना पत्र लिहायला घेतलं. पत्रात एकच संदर्भ होता, सगळे नियम पाळून लावलेला: आडनाव, साल १८९४, अंक, पान, चित्र. तो उतरवून घ्यायला रमाबाईनं तिच्यापुढे एक कागद धरला होता. वही काकासाहेबांना देण्याआधी त्या दोघींनी ब्लेडनं कापून ठेवलेलं हे शेवटचं पान. त्यावर त्या संदर्भाखाली, तापानं वाकड्या झालेल्या अक्षरात, जगन्नाथनं लिहिलं होतं: 'पुण्यात सापडलं. आपलं गवत नवीन नाही. त्रेचाळीस वर्षांपूर्वीच चित्रासकट छापून आलंय. काकासाहेबांना लगेच सांगायला हवं, नाहीतर बिचाऱ्यांचं हसं होईल.'