जांभळ्या झाकणाची नळी

ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर बयनाबाईंच्या प्लेटलेट फक्त तीस हजार निघाल्या, आणि उद्धवरावांना लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या घरातली चूल सापडली. ज्यांच्या खात्यावर आजवर एक कप चहाही जमा नव्हता, ते भाकरी थापू लागले. भाकरीला कोपरे येत, पण भाकरी येई. "तू उठू नोको, कुठं खरचटलं तं रक्त थांबाचं नाही," असं बायकोला बजावून कापूस वेचायलाही तेच जात.

ताप उतरल्यावर दोघं पुन्हा बोथ गावच्या लॅबमध्ये आली. या वेळी लॅबमधल्या साक्षीनं दोन नळ्यांत रक्त घेतलं. निकाल घेऊन ती हसतच बाहेर आली, तेव्हा उद्धवराव बायकोसाठी नारळपाणी आणायला गेले होते.

"काकू, जांभळ्या झाकणाच्या नळीत जे औषध राहते ना, त्यानं तुमच्या प्लेटलेटचे गठ्ठे होतात. गठ्ठे मशीनले मोजता येत नाही, म्हणून आकडा कमी येते. निळ्या झाकणाच्या नळीत बराबर दोन लाख निघाल्या. तुमाले काईच झालं नाही."

बयनाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं.

"डाक्टरले सांग. आमच्या मालकाले सांगू नोको."

"काऊन?"

"कापसाची वेचणी चालू हाय. तोवर जांभळ्या नळीतच घेत जाय."

"आन वेचणी झाल्यावर?"

बयनाबाई पुन्हा दाराकडे पाहत म्हणाल्या,

"मंग हरभरा हाय."