शत्रूला सलामी

"त्यांची सलामी झाली, साहेब. आता आपली," कॅप्टन म्हणाला.

लढाईआधी शत्रूला बिनगोळ्याची तोफ उडवून मान द्यायचा, ही दोन्ही बेटांची जुनी रीत. समोर मकरबेटाच्या अजस्र युद्धनौका. आपल्या नौका त्यांच्या निम्म्याही नव्हत्या. आज काही खरं नाही, हे ॲडमिरल सर्जेराव ओळखून होते. निदान मान तरी झोकात द्यावा, म्हणून त्यांनी हात वर केला.

तोफ धडाडली आणि शत्रूच्या ॲडमिरलच्या नौकेला भलंमोठं भगदाड पडलं.

"अरे, गोळा काढला नव्हता?" सर्जेराव किंचाळले.

"गडबडीत राहिला, साहेब!"

ओशाळलेले सर्जेराव माफीचे बावटे चढवायला सांगेपर्यंत मकरबेटाचं आरमार माघारी वळलंसुद्धा. बुडत्या नौकेतून होडीत उतरता उतरता त्यांच्या ॲडमिरलने बावटे हलवले. कॅप्टनने वाचून दाखवलं:

"सलामी पोहोचली. मान जरा जास्तच झाला."