दुसरी कॅसेट

हलगीच्या ठेक्यावर दम न घेता यमकं ठोकत बोलत सुटायचं, ही सात्ताप्पाची कला. गाणं म्हणावं तर चाल नाही, भांडण म्हणावं तर समोर कुणी नाही! तरी ब्याऐंशी साली त्याची कॅसेट निघाली आणि राधानगरीत घरोघरी वाजू लागली. गड्यानं गॉगल चढवला, ओळखीच्यांना ओळख देणं सोडलं.

दुसऱ्या कॅसेटला त्यानं मुंबईचे व्हायोलिनवाले आणले. ती मात्र लोकांनी आठवड्यात दुकानात परत आणून टाकली.

सात्ताप्पा गॉगल काढून, कॅसेट परत करणाऱ्या आनंदा पाटलाच्या दारात गेला. “पाटील, माझं काय चुकलं?”

“आमाला दोनी सारख्याच रं. पर धारंच्या वक्ताला नवी लावली, की म्हशी पान्हा चोरत्यात.”