गाडी हलली का?

"काका, तुमचा गळा बसला तं माईक कोणाकडे जाते?"

मोनालीनं विचारलं आणि स्टेजमागे लपलेल्या पायल आणि रुपाली तोंडावर हात दाबून खालीच बसल्या. पैज त्यांचीच होती. ही पोरगी वर्गात, नळावर, सायकलवर, जिथंतिथं कबड्डीचं समालोचन करत फिरते. एवढीच हौस आहे तर किसनसिंग काकांना विचारून दाखव म्हणावं.

मुकुटबनच्या मैदानावर सामने कोणाचेही असोत, आवाज किसनसिंग काकांचाच. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"गळा बसला तं मी चहा पेतो. काहून, तुले बोलाचं हाय?"

"हो."

काकांनी बाजूची प्लास्टिकची खुर्ची पायानं पुढं सरकवली. "बस मंग. ते काळी गाडी पाह्य, पाण्याच्या टँकरच्या वाटेत हाय. ते हटव."

मोनालीनं माईक हातात घेतला आणि आजवर साचलेलं सगळं त्या गाडीवर ओतलं. रसिक प्रेक्षकहो म्हणून झालं, ऐतिहासिक मैदान म्हणून झालं, वाघिणीचं काळीज म्हणून झालं. अख्खं मैदान वळून स्टेजकडं पाहायला लागलं. कोणी शिट्टी मारली. पायल-रुपालीनं टाळ्या पिटल्या. मोनालीचे कान गरम झाले. तिनं ऐटीत काकांकडं पाहिलं.

"गाडी हलली का?" काकांनी विचारलं.

गाडी जिथल्या तिथं होती. उलट तिच्यावर आता दोन पोट्टे चढून बसले होते, मोनाली नीट दिसावी म्हणून.

"समदे तुह्याकडेच पाहून राह्यले," काका म्हणाले. "मंग गाडीकडे कोण पाह्यन?"

दुसऱ्यांदा तिनं तोंड पाडून एवढंच सांगितलं, "टँकर थांबलाय. काळी गाडी कोणाची, बाजूला घ्या." तंबाखूचा खर्रा चोळत एक माणूस आला आणि गाडी घेऊन गेला. शिट्टी नाही, टाळी नाही.

मग दुपारभर तेच. गाड्या, किल्ल्या, एका पायातली चप्पल, पंचांसाठी चहा. चढाई सुरू झाली की माईक काकांकडं. मोनाली मूठ तोंडाशी धरून पुटपुटायची. तिचा गुडघा थांबत नव्हता, खुर्चीचा पाय फळीवर टकटक वाजायचा. काकांनी बोलता बोलताच आपला पाय त्या खुर्चीच्या दांडीवर दाबून ठेवला.

"काका, उद्या फायनलले एक चढाई द्या ना. एकच."

"उद्या गाड्या लय येतीन."

"मंग कवा?"

"पुढच्या साली पाहू."

पुढचं साल. मोनालीला खुर्चीवर बसवेना. ती स्टेजवरून उतरली तर समोर दोरीपाशी आईबाबा उभे. उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळला जायचं होतं, आत्याच्या पोराच्या लग्नाचे कपडे घ्यायला. "उद्या फायनल हाय," मोनाली पुटपुटली.

"खेळ पाहाले थांबली असती तं गोष्ट वेगळी," बाबा म्हणाले. "गाड्या हटवाले कोणी थांबते काय बापा?"

"आली नाही तं तुहा ड्रेस मीच घेईन," आई म्हणाली. "मंग तोंड वाकडं करू नको."

मोनालीनं मागं वळून पाहिलं. रिकाम्या खुर्चीवर काकांनी आपला टॉवेल टाकला होता.

"येते," ती म्हणाली. "ओढणी घेऊन येते."

ती ओढणी घ्यायला स्टेजवर चढली आणि तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. पोरगी दिसत नाही. राखी नाव, पिवळा फ्रॉक, आत्ता तं इथंच होती. बाईला पुढं बोलवेना. मध्यांतर चाललं होतं. काकांनी माईक उचलला आणि मोनालीसमोर धरला.

मोनालीनं एक श्वास घेतला. "राखी नावाची लहान मुलगी. पिवळा फ्रॉक. सगळ्यांनी आपापल्या खुर्चीखाली पाहावं."

आणि सगळं मैदान एकदम वाकलं. म्हातारे, पोट्टे, पाहुण्यांच्या रांगेतले फेटेवाले, सगळे. स्टेजवरून नुसत्या पाठीच पाठी दिसत होत्या. तिच्याकडं एकही चेहरा नव्हता. मोनाली माईक धरून उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, आपला गुडघा गप्प आहे.

शेवटच्या रांगेतून कोणीतरी हात वर केला. राखी खुर्चीखाली झोपली होती, मुठीत मुरमुरे घेऊन. तिची आई धावत गेली. जाताना तिनं स्टेजकडं पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी माईकसाठी हात पुढं केला.

"थांबा काका. अजून एक सूचना हाय."

काकांनी हात मागं घेतला आणि चहाचा कप उचलला.

"मुकुटबनचे भीमराज आणि सत्यशीलाबाई दोरीपाशी उभे आहेत. त्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

सगळं मैदान दोरीकडं वळलं. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी मागं वळून पाहिलं, जणू मागं दुसरा कोणी भीमराज उभा आहे. खांबाशी पायल आणि रुपाली, त्याही तिकडंच पाहत होत्या. स्टेजकडं कोणीच पाहत नव्हतं.

"तुमची मोनाली हरवलेली नाही," ती सावकाश म्हणाली. "ती उद्या यवतमाळला येणार नाही. ड्रेस आईनं घ्यावा, तोंड वाकडं होणार नाही. उद्या इथं गाड्या लय येणार हायत."