पानाखालचे नाव

ज्या शब्दावर विसंबून एखादी आई आपले मूल कुशीवर वळवते, त्या शब्दामागे जाब द्यायला कोणीतरी उभे असावे लागते. हे मान्य करणे सोपे आहे; पाळताना जीव कसा तुटतो, हे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक.

लेक सकाळपासून संगणकापुढे बसली होती. एका आरोग्यविषयक संकेतस्थळासाठी लिंक मिळवणे हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. थोरामोठ्या इस्पितळांनी, विद्यापीठांनी आपल्या पानावरून वाचकाला या संकेतस्थळाकडे पाठवावे, इतका त्यांचा विश्वास संपादन करायचा. औषधपाण्याच्या आणि पैशाअडक्याच्या विषयांत असा विश्वास आर्जवाने मिळत नाही, आणि विकत घेतलेला टिकत नाही. म्हणून तिची रीत साधी होती. मोठ्या संकेतस्थळांवरची बंद पडलेली लिंक हुडकायची, तिथल्या माणसाला ती नम्रपणे कळवायची, आणि त्याच विषयावरचे आपले पान त्या जागी सुचवायचे.

आज मुलांच्या एका मोठ्या इस्पितळाच्या ग्रंथालयाने पालकांसाठी केलेल्या पानावर तिला तशी लिंक सापडली. तापात मुलाला झटका आला तर काय करावे, या विषयावरची. तिने ती दाबली. काहीच उघडले नाही. पण वरच्या पत्त्यात तिला आपल्या बाबांचे नाव दिसले.

बाबा बालरोगतज्ज्ञ; स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर ते पालकांसाठी लिहीत. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. संकेतस्थळाचे नाव दरसाल पैसे भरून राखावे लागते. त्याची स्मरणपत्रे बाबांच्या ईमेलवर येत राहिली, आणि ते ईमेल उघडण्याचा धीर घरात कोणाला झाला नाही. बाबांचे पान गेले. इस्पितळ मात्र पालकांना अजून तिकडेच पाठवत होते.

ते नाव दुसऱ्या कोणी घेतले नव्हते. लेकीने दुपारपर्यंत ते पुन्हा घेतले, घरातली जुनी प्रत शोधून जशीच्या तशी चढवली आणि हाक मारली.

"आई, इकडे ये ना. बाबांचं पान उघडलंय."

आईही बालरोगतज्ज्ञ. एकाच दवाखान्यात शेजारीशेजारी बसून दोघांनी उभा जन्म काढला होता. तिने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली : 'तुम्ही घाबरला आहात, ते बरोबरच आहे. आता घड्याळ पाहा.'

"फोनवर हेच म्हणायचे," ती म्हणाली. "तोंडात दात घासायचा ब्रश असला तरी हेच."

दोघी हसल्या. मग आई पुढे वाचू लागली. तिचे बोट ओळीओळीने खाली उतरत होते, आणि ते नुसते वाचण्यासाठी नव्हते, हे लेकीला कळत होते. एका ओळीपाशी बोट थांबले.

"हे काढायला हवं. झटका टाळायला गार पाण्यानं अंग पुसा, असं आता कुणी सांगत नाही. पोर कुडकुडतं नुसतं."

"मग काढते की. एक ओळ तर आहे."

"आणि खाली नाव कुणाचं ठेवशील?"

"बाबांचं. पान त्यांचंच आहे."

"म्हणजे शब्द तुझा आणि सही त्यांची. त्यांच्या सहीच्या कागदावर स्वतःच औषध लिहिलं, एवढ्यासाठी त्यांनी कंपाउंडरला घरी बसवलं होतं, माहीत आहे ना?"

"मग तुझं नाव घालते. तूही डॉक्टरच आहेस."

"होते. आता शेजारच्या बाळाला कडेवर घेऊन 'छान भरलंय हो' म्हणते, तेवढीच माझी डॉक्टरकी उरलीय. उद्या कुणी विचारलं, बाई, हे असं का लिहिलंत, तर काय सांगू? आमच्या वेळी असंच होतं म्हणून?"

लेकीचा आवाज चढला. "आई, लोकांना त्यांच्याकडे पाठवणारी एवढी एकच जागा उरलीय. तिथे मीच जाऊन दुसऱ्याचं पान बसवू? मी?"

"मला काही वाटत नाही का ग?" आईने पडद्यावरून नजर काढली नाही. "त्यांचं बोलणं पुन्हा वाचायला मिळालं. मला उठवत नाहीये इथून. पण आत्ता कुठल्या तरी आईच्या मांडीवर पोर वाकडं होत असेल. तिला तुझे बाबा नकोत. तिला बरोबर काय ते हवंय. तुमचं पान कसं आहे?"

"बरोबर आहे. रुक्ष आहे."

"कुशीवर वळवा म्हटलंय? तोंडात काही घालू नका म्हटलंय? पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका बोलवा म्हटलंय?"

"सगळं आहे. तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव आहे, तारीख आहे."

"मग तेच पाठव."

लेकीने बाबांचे पान पुन्हा काढून घेतले. ग्रंथपालांना कळवण्याचा मजकूर रोजचाच होता, तरी आज तो तिला तीनदा लिहावा लागला.

दिवेलागणीच्या सुमारास उत्तर आले. पान वाचले, योग्य वाटले, लिंक बदलली आहे. खाली ग्रंथपालांनी विचारले होते : 'पूर्वीच्या पानाचे लेखक हल्ली कोठे लिहितात, आपणास ठाऊक आहे का?'

'ते आता नाहीत,' एवढेच लेकीने कळवले.

"दाखव बघू," आई म्हणाली.

इस्पितळाच्या पानावरची लिंक लेकीने दाबली. नवे पान उघडले. वरच्या कोपऱ्यात ते तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईचे छायाचित्र होते. वयाने लहान, केस घाईने बांधलेले, डोळ्यांखाली काळे. आई त्या परक्या चेहऱ्याकडे किती तरी वेळ पाहत राहिली. मग तिने पडद्यावर हलकेच तळहात टेकवला.

"देवा, या पोरीला पुरती झोप मिळू दे."