सिस्टरसाठी पेढे

ऐक ना, मधेच बोलू नकोस, नुसतं ऐक. प्रेरणा बाळंतपणाच्या टेबलावर पडलीय, दोन्ही मुठींत चादर आवळलीय, आणि बाहेर तिची सासू सोजराबाई दार वाजवतीय, "माज्या सुनंला एकलीला ठिवलंय व्हय आत?"

वेल्ह्याच्या वर डोंगरात मेंढरं राखणारं घर त्यांचं. सकाळी कळा सुरू झाल्या तसं प्रेरणाला टेम्पोत घातलं आणि नसरापूरवरनं भोरच्या दवाखान्यात आणलं. नवरा धनाजी मेंढरं घेऊन लांब गेलेला, फोनच लागेना.

त्या दुपारी दोन बायका एकदमच आलेल्या आणि सिस्टर एकटी, आरती. ती प्रेरणाच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र लावणार, तेवढ्यात पडद्यापलीकडची बाई किंचाळली. आरती तिकडं पळाली. जाता जाता विचारलं, "बाकी काही त्रास नाही ना गं?" प्रेरणानं नाही म्हणून मान हलवली.

त्रास होता. बाळ सकाळपासनं हललंच नव्हतं. सासू म्हणाली होती, "निजलं आसंल." आता सांगावं म्हटलं तर पलीकडं एवढी आरडाओरड, की प्रेरणाचा आवाजच फुटेना.

आणि आतल्या दारातनं एक बाई आली. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, डोक्याला रुमाल, हाताला चिकटपट्टी. भिंत धरून सावकाश चालत आली, ड्यूटी करून करून पाय भरून आल्यासारखी. आरतीनं पडद्याआडनंच बघितलं. "सगुणाताई, तुम्ही कशाला आलात? जा, झोपा जरा."

"आसू द्या. एकलीच हाय ती."

तिनं प्रेरणाचा हात धरला, कपाळावरचे घामेजलेले केस मागं सारले. प्रेरणा दात-ओठ खात होती, तर म्हणते, "वरड की! लाजतीस कुणाला? हितं आल्यावर कुणाची ऱ्हायलीय लाज?"

एवढ्या कळांत प्रेरणाला हसू आलं बघ.

"सिस्टर, लई भ्या वाटतंय."

"वाटनारच. मोट्टा श्वास घे. तोंडानं सोड."

"तुमाला किती पोरं?"

"माजं नंतर. आदी तुजं बगू."

पुढची कळ आली, गेली. तो हात तसाच. मग प्रेरणाच्या तोंडून आपसूक निघालं, "सिस्टर, ते हलत न्हाई."

केसांतनं फिरणारा हात थांबला.

"कवापासनं?"

"सकाळपासनं."

अगं, त्या बाईचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. ओटीपोट दाबून धरत ती पडद्यापर्यंत अक्षरशः धावली. "सिस्टर! हिच्या बाळाचं ठोकं ऐका आदी! आत्ताच्या आत्ता!"

आरतीनं यंत्र लावलं. ठोके होते, पण मंद. मधेच अडखळणारे. मग काय, डॉक्टर पळत आले, भांडी वाजली, माणसं वाढली. त्या गडबडीतनं प्रेरणाला एवढंच आठवतंय, की उशाशी ती बाई होती. "माज्याकडं बग. छताकडं न्हाई, माज्याकडं." प्रेरणानं तिची बोटं मोडतील एवढी आवळली, पण हात सुटला नाही.

आणि रडलं गं! पोरगी. अशी खणखणीत रडली, की बाहेर सोजराबाईनं देवाला हाक मारली. आत सगळ्यांचे चेहरे खुलले. ती बाई तेवढी खिडकीकडं तोंड करून उभी. झगा छातीशी ओलाचिंब, दोन्ही हात त्यावर घट्ट बांधलेले. घामानं निथळली बिचारी माझ्यापायी, प्रेरणाला वाटलं. हाक मारेपर्यंत ती गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी धनाजी येऊन पोचला. सोजराबाई म्हणाली, "पोरगी झालीय, बर्फी आन."

"पेढंच आना," प्रेरणा म्हणाली. "आन पैला त्या सिस्टरला."

पुडा आला तशी ती स्वतः उठली. टाके ओढत होते, तरी भिंत धरून सावकाश निघाली. शेजारच्या वॉर्डाच्या दारात आरती भेटली.

"सगुणा सिस्टर कुठायत?"

आरतीनं पुड्याकडं बघितलं. आवाज एकदम खाली आणला. "सिस्टर नाहीत गं त्या. चार नंबरच्या पेशंट आहेत. तीन दिवसांपूर्वी त्यांचं बाळ पोटातच गेलं. सकाळपासनं हललं नव्हतं, निजलं असेल म्हणून घरीच थांबल्या."

प्रेरणा पुडा पदराआड घ्यायला गेली. पण खाटेवरनं सगुणानं तिला बघितलं होतं. ती हसली, आणि पेढ्यासाठी तिनं तो पट्टीचा हात पुढं केला.

आता सांग. तू काय केलं असतंस?