राघू-मैना

हात थरथरू लागला आणि आत्माराम मेस्त्रींच्या हातून कोरीवकामाची पटाशी कायमची सुटली. त्यांचा कुडाळचा लाकूडकामाचा कारखाना चालू राहावा म्हणून मुलाने लाकूड कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन आणलं. मेस्त्री रुसले. त्या दिवसापासून ते तिकडे फिरकलेच नाहीत. मशीनसाठी नक्षी काढायला शिकली ती त्यांची बायको, शकुंतला. तोवर तिने फक्त अंगणात रांगोळ्या काढल्या होत्या.

बरीच धडपड करून तिने लग्नाच्या चौरंगासाठी राघू-मैना काढले आणि लॅपटॉप नवऱ्यापुढे ठेवला. "अहो, बघा तरी."

मेस्त्रींनी निरखून पाहिलं. "ही मैना कुठून आणलीस?"

"राघूच उलटा फिरवला. एक बटण दाबलं की होतं."

"म्हणून दोघं परके वाटतात. अगं, हुबेहूब सारखं दिसून जोडी होते होय? राघूची मान जरा खाली घे. ती बोलतेय आणि तो ऐकतोय, असं वाटू दे."

तिने माऊस हलवला. मान भलतीच झुकली.

"एवढी नको गो! तो काय माझ्यासारखा रुसून बसलाय?"

शकुंतलेला हसू फुटलं. तिने त्यांचा थरथरता हात माऊसवर ठेवला आणि त्यावर आपला हात घट्ट धरला. दोघांनी मिळून राघूची मान हळूहळू वर घेतली.

सकाळी ती कारखान्याला निघाली, तर मेस्त्री चपला घालून दारात उभे.

"चल," ते म्हणाले, "पोरगा लाकूड कुठलं लावतोय, ते बघू दे मला."